वेळ गेला कोठे?
संगणकाच्या रोजनिशीची कहाणी

४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेचे ‘मार्स पाथफाइंडर’ हे यान मंगळावर उतरले. हवा भरलेल्या पिशव्यांच्या वेष्टनात गुंडाळलेले ते यान चेंडूसारख्या उसळ्या घेत मंगळाच्या जमिनीवर स्थिरावले आणि त्यातून ‘सोजर्नर’ नावाची सहा चाकांची छोटी गाडी बाहेर पडली. सारे काही सुरळीत झाले असे वाटत असतानाच एक विचित्र अडचण उभी राहिली. यानाने हवामानाची मोजमापे घ्यायला सुरुवात केली आणि थोड्याच दिवसांत त्यावरचा संगणक मधूनच आपोआप नव्याने सुरू होऊ लागला. आधी गोळा झालेली माहिती नाहीशी होत नव्हती; पण त्या दिवसाची उरलेली कामे अर्धवट राहत आणि दुसऱ्या दिवसावर पडत.

यान त्या वेळी पृथ्वीपासून सुमारे १९ कोटी किलोमीटर अंतरावर होते. रेडिओसंदेशाला एका बाजूने जायलाच दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत होता. तेथे जाऊन झाकण उघडून पाहणे शक्य नव्हते. शिवाय संगणकाचा कोणताही भाग मोडलेला नव्हता. प्रश्न होता तो वेळेचा. एक काम ठरलेल्या क्षणापर्यंत पुरे होत नव्हते. ते का होत नव्हते, तेवढ्या अवधीत संगणक दुसरे काय करीत होता, हे शोधायचे होते.

असे प्रश्न सोडवण्याचे साधन म्हणजे संगणकाने स्वतःच्या कामाची ठेवलेली रोजनिशी. ती ठेवण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टिम करते. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकावरच्या सगळ्या प्रोग्रॅमना प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क वाटून देणारी व्यवस्था. वाटप तिच्या हातात असल्यामुळे कोणाला काय केव्हा मिळाले हेही तिलाच ठाऊक असते. ही रोजनिशी कशी लिहायची, कशी वाचायची आणि तिच्यावर विश्वास कितपत ठेवायचा, या तीन प्रश्नांचा इतिहास आपण या लेखात पाहणार आहोत. मंगळावरच्या अडचणीचे काय झाले, तेही त्या ओघात येईलच.

मागावरची नजर

वेळ कोठे जातो हा प्रश्न संगणकाच्या आधीपासूनचा आहे. १९३०च्या दशकात इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या शर्ली इन्स्टिट्यूट या कापूस-संशोधन संस्थेत एल. एच. सी. टिपेट नावाचे संख्याशास्त्रज्ञ काम करीत होते. गिरणीतले माग दिवसातला किती वेळ बंद असतात आणि कशामुळे, हे त्यांना हवे होते. प्रत्येक मागाशेजारी घड्याळ घेऊन माणूस उभा करणे परवडणारे नव्हते. टिपेट यांनी वेगळी वाट काढली. गिरणीतून फेरी मारायची आणि प्रत्येक मागाकडे क्षणभर पाहून तो चालू आहे की बंद, एवढेच टिपून पुढे जायचे. अशा अनेक नजरांमधून जितके शेकडा माग बंद दिसले, तितका शेकडा वेळ माग बंद असतात, असे मानता येते.

ही पद्धत स्वस्त आहे. पण तिला मर्यादा आहे. समजा, १०० नजरांपैकी २० वेळा माग बंद दिसला. संख्याशास्त्र सांगते की या २० टक्क्यांत साधारण ४ टक्के इकडेतिकडे धरावे लागतात. हीच चूक ०.४ टक्क्यांवर आणायची तर १०० ऐवजी १०,००० नजरा हव्यात. म्हणजे दसपट अचूकतेसाठी शंभरपट कष्ट! टिपेट यांना योगायोगाचे गणित चांगलेच अवगत होते. यदृच्छ अंकांचा पहिला प्रसिद्ध तक्ता १९२७ साली त्यांनीच तयार केला होता.

संगणकात हीच युक्ती फार सोप्या रीतीने वापरता येते. संगणकातल्या घड्याळाचा टोला दर ठरावीक वेळाने पडतो. प्रत्येक टोल्याला प्रोसेसर प्रोग्रॅमच्या कोणत्या ओळीवर आहे एवढे टिपायचे. ज्या ओळीपुढे जास्त खुणा जमतील ती जास्त वेळ खाते, असे समजायचे.

अंदाज आणि मोजमाप

येथे कोणी विचारील, एवढा खटाटोप कशाला? प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला तो कोठे रेंगाळतो हे ठाऊक नसते काय? गंमत अशी की, बहुतेक वेळा ते त्याला ठाऊक नसते. १९७१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातले डोनाल्ड नथ यांनी फोरट्रॅन भाषेतल्या प्रत्यक्ष वापरातल्या प्रोग्रॅमची पाहणी प्रसिद्ध केली. प्रोग्रॅमचा ४ टक्क्यांहूनही लहान भाग सर्वसाधारणपणे चालण्याच्या निम्म्याहून अधिक वेळेला कारणीभूत असतो, असे त्यांना आढळले. याचा अर्थ, मोजमाप न करता प्रोग्रॅम ‘सुधारायला’ बसलेला माणूस बहुधा त्या उरलेल्या ९६ टक्क्यांवरच घाम गाळत बसेल.

एकाच वेळी अनेकांना वापरता येणारे संगणक आले तेव्हा हा प्रश्न अधिक अवघड झाला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने बेल प्रयोगशाळा आणि जनरल इलेक्ट्रिक कंपनी यांच्या साहाय्याने १९६५ साली ‘मल्टिक्स’ ही ऑपरेटिंग सिस्टिम बांधायला घेतली. तिच्यात मोजमापाची सोय मुळातच करून ठेवलेली होती. जेरोम सॉल्टझर आणि जॉन गिंटेल यांनी १९७० साली त्या मोजमापांवर स्वतंत्र लेखच लिहिला. पुढे १९८२ साली बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात सुसान ग्रॅहॅम, पीटर केसलर आणि मार्शल मॅक्युसिक यांनी ‘जीप्रॉफ’ हे साधन तयार केले. घड्याळाच्या टोल्यावरच्या खुणा तर ते घेत असेच. शिवाय प्रोग्रॅमच्या कोणत्या भागाने कोणत्या भागाला किती वेळा बोलावले याची मोजदादही ठेवत असे. त्यामुळे काम करणाऱ्याबरोबरच काम सांगणाऱ्याच्या नावावरही वेळ मांडता येऊ लागला.

नजर आणि नोंद

पण नजर टाकण्याच्या पद्धतीत एक मोठी उणीव आहे. ती ‘किती’ सांगते. ‘कशानंतर काय’ हे सांगत नाही. एक लहान उदाहरण घेऊ या. समजा, एका संगणकात एकच प्रोसेसर आहे आणि ‘क’ व ‘ख’ असे दोन प्रोग्रॅम त्यावर चालले आहेत. ऑपरेटिंग सिस्टिमने ठेवलेली रोजनिशी अशी आहे. डावीकडचे आकडे मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे हजारावे भाग, दाखवतात.

० – क चालू झाला.
४ – क ने डिस्ककडून माहिती मागवली आणि तो थांबला. ख चालू झाला.
९ – डिस्ककडून माहिती आली. क पुन्हा चालायला तयार झाला.
१२ – ख थांबला. क चालू झाला.
१५ – क संपला.

यातली प्रत्येक ओळ म्हणजे एक घटना-नोंद. नोंदीत चार गोष्टी असाव्या लागतात: वेळ कोणती, प्रोसेसर कोणता, प्रोग्रॅम कोणता आणि घडले काय. आपल्या उदाहरणात प्रोसेसर एकच असल्यामुळे त्याचे नाव लिहिलेले नाही, एवढेच.

आता हिशेब मांडू. क चे काम पुरे व्हायला १५ मिलिसेकंद लागले. त्यांपैकी तो प्रत्यक्ष चालला ४ आणि ३ मिळून ७. डिस्कची वाट पाहण्यात गेले ५. उरलेले ३ तो तयार असूनही प्रोसेसर मोकळा नव्हता म्हणून गेले. घड्याळाच्या टोल्याला प्रोसेसरवर नजर टाकणाऱ्या साधनाने मात्र एवढेच सांगितले असते की, क ने ७ मिलिसेकंद घेतले आणि ख ने ८. वाट पाहणारा प्रोग्रॅम प्रोसेसरवर नसतोच. म्हणून त्या नजरेला वाट पाहणे दिसत नाही. आणि संगणक मंद वाटतो तेव्हा बहुतेक वेळ वाट पाहण्यातच गेलेला असतो!

याहून मजेची गोष्ट पुढे आहे. क ला ५ मिलिसेकंद डिस्कसाठी थांबावे लागले म्हणून आपण दुप्पट वेगाची डिस्क आणली, तर काय होईल? माहिती ९ ऐवजी ६.५ ला येईल. पण ख तर १२ पर्यंत प्रोसेसर सोडत नाही. म्हणजे क पूर्वीप्रमाणेच १२ ला चालू होईल आणि १५ लाच संपेल. नवी डिस्क फुकट गेली. हे सांगायला बेरीज पुरत नाही. घटनांचा क्रम लागतो.

रोजनिशी वाचायची कशी?

पाच ओळींची रोजनिशी वाचणे सोपे आहे. पण समजा, सेकंदाला एक लाख नोंदी होत आहेत आणि प्रत्येक नोंद ३२ बाइटची आहे. मग सेकंदाला ३२ लाख बाइट आणि मिनिटाला १९ कोटी २० लाख बाइट जमतील. एवढी रोजनिशी माणूस वाचू शकत नाही. ती वाचायला दुसरा प्रोग्रॅम लागतो. त्याला तीन कामे करावी लागतात.

पहिले काम नोंदी क्रमाने लावण्याचे. संगणकात अनेक प्रोसेसर असले तर सगळ्यांनी एकाच वहीत लिहायचे म्हटल्यास वहीपाशीच रांग लागेल. म्हणून प्रत्येक प्रोसेसरला स्वतंत्र वही देतात आणि नंतर सगळ्या वह्या वेळेनुसार एकत्र गुंफतात. निरनिराळ्या तुकड्यांच्या गुणानुक्रमे लावलेल्या याद्यांतून सबंध इयत्तेची एक यादी करावी, तसाच हा प्रकार. पण त्यासाठी सर्वांची घड्याळे जुळलेली हवीत. १९९३ साली आलेल्या पेंटियम प्रोसेसरमध्ये एका आज्ञेसरशी वाचता येणारा टिकटिकींचा मोजक होता. त्यामुळे नोंदीवर वेळ घालणे अतिशय स्वस्त झाले. परंतु पुढे एका संगणकात अनेक प्रोसेसर बसू लागले, वीज वाचवण्यासाठी त्यांचे वेग कमीजास्त होऊ लागले आणि हे मोजक आपसांत जुळेनासे झाले. एकसारख्या गतीने चालणारे मोजक नंतरच्या प्रोसेसरमध्ये आले तेव्हा ही अडचण बरीचशी दूर झाली. निरनिराळ्या घड्याळांच्या जगात ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांचा अर्थच काय, याचे मूलभूत विवेचन लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ साली केले होते. संदेश पाठवण्याआधी तो पोचू शकत नाही, ही त्यातली साधी पण भक्कम कसोटी. रोजनिशीत तसे दिसले तर घड्याळे चुकली आहेत असे खुशाल समजावे.

दुसरे काम जोड्या लावण्याचे. ‘थांबला’ या नोंदीची ‘तयार झाला’ या नोंदीशी आणि ‘तयार झाला’ची ‘चालू झाला’शी जोडी लावली की, मधला काळ कसला हे कळते. वाचणारा प्रोग्रॅम प्रत्येक कामाची अवस्था मनात धरून चालतो: चालू, वाट पाहणारे किंवा तयार. नवी नोंद आली की तो अवस्था बदलतो आणि मागल्या अवस्थेचा वेळ तिच्या खात्यावर मांडतो. रोजनिशी सुरू झाली तेव्हा जी कामे आधीच अर्ध्यावर होती त्यांच्या जोडीतली पहिली नोंद नसतेच. असा वेळ कोणाच्याही खात्यावर न टाकता बाजूला ठेवावा लागतो.

तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे, आणि ते म्हणजे हरवलेल्या नोंदींची दखल घेण्याचे. वही भरली आणि ती रिकामी करायला सवड मिळाली नाही, तर काही नोंदी गळतात. आपल्या उदाहरणातली ४ ची सगळी ओळ गळली तर प्रोसेसरवर क आहे असे वही म्हणत असतानाच १२ ला ‘ख थांबला’ अशी नोंद पुढे येईल. जो चालू झालाच नाही तो थांबेल कसा? म्हणजे चूक उघडकीला येईल. पण ९ ची ओळ गळली तर? मग क ४ पासून १२ पर्यंत डिस्कचीच वाट पाहत होता असे दिसेल. डिस्कच्या माथी ५ ऐवजी ८ मिलिसेकंद लागतील, आणि या हिशेबात कोठेही विसंगती दिसणार नाही! खोटी पण पटण्याजोगी कहाणी तयार होईल आणि आपण नवी डिस्क आणायला धावू. म्हणूनच चांगल्या साधनात गळलेल्या नोंदींचीही मोजदाद असते. ‘इतक्या नोंदी मला ठेवता आल्या नाहीत’ असे ते साधन स्वतःहून सांगते. ही ओळ न वाचता बाकीचे निष्कर्ष काढणे धोक्याचे असते.

मंगळावरचे कुलूप

आता पाथफाइंडरकडे वळू. त्यावरच्या संगणकात ‘व्हीएक्सवर्क्स’ ही ऑपरेटिंग सिस्टिम होती. तिच्यात प्रत्येक कामाला एक दर्जा दिलेला असतो. वरच्या दर्जाचे काम आले की खालच्या दर्जाच्या कामाने प्रोसेसर सोडायचा, असा नियम. यानाच्या निरनिराळ्या भागांतली माहितीची ने-आण सेकंदाला आठ वेळा होई. ती माहिती वाटणारे काम वरच्या दर्जाचे होते. दर फेरीला दुसरे एक काम, वाटप पुरे झाले की नाही, हे तपासत असे. झाले नसेल तर काहीतरी गंभीर बिघडले आहे असे मानून संगणक नव्याने सुरू करायचा, अशी सुरक्षिततेची योजना होती. हवामानाची माहिती गोळा करणारे काम खालच्या दर्जाचे होते. वाटणारे काम आणि हवामानाचे काम यांना एक सामाईक साधन लागे, आणि ते एका वेळी एकानेच वापरावे म्हणून त्याला एक प्रकारचे कुलूप होते.

घोटाळा कसा झाला तो शाळेच्या उदाहरणाने समजून घेऊ. कार्यालयातल्या कपाटाची किल्ली शिपाईमामांकडे आहे. ते कपाटातली एक फाइल ठेवीत आहेत. मिनिटभरात किल्ली मोकळी होईल. मुख्याध्यापकांना कपाट हवे आहे, म्हणून ते मिनिटभर थांबायला तयार आहेत. इतक्यात एक शिक्षक येतात आणि शिपाईमामांना एका लांबलचक कामासाठी बाहेर पाठवतात. शिक्षकांचा दर्जा शिपाईमामांहून वरचा, तेव्हा मामा किल्ली खिशात घालून निघतात. शिक्षकांना कपाटाशी काही देणेघेणे नाही; पण त्यांच्या कामापायी मुख्याध्यापक ताटकळत बसतात. प्रत्येकाने नियम पाळला आणि दर्जाची उलटापालट झाली! मंगळावर नेमके हेच झाले. हवामानाच्या कामाकडे कुलूप असताना मधल्या दर्जाच्या कामांनी त्याला बाजूला सारले. माहिती वाटणारे काम अडून राहिले. पुढच्या फेरीला तपासणी झाली, वाटप अपुरे दिसले, आणि संगणक नव्याने सुरू झाला.

उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांतही असा प्रकार दिसला होता. पण मुद्दाम पाहायला गेले की तो पुन्हा घडत नसे. यानाच्या प्रोग्रॅममध्ये घटना-नोंदींची सोय मात्र मुद्दाम तशीच ठेवलेली होती. जे तपासले तेच उडवायचे आणि जे उडवायचे तेच तपासायचे, असे ग्लेन रीव्ह्ज यांच्या नेतृत्वाखालील त्या गटाचे तत्त्व होते. नोंदी गोलाकार वहीत होत. शेवटचे पान भरले की पुन्हा पहिल्या पानावर यायचे आणि सर्वांत जुनी नोंद पुसून नवी लिहायची, अशी ती वही. अशा वहीत शेवटचा थोडा काळच शिल्लक राहतो, पण तोच हवा असतो. मात्र अपघात होताक्षणी लिहिणे थांबवले पाहिजे, नाहीतर पुरावाच पुसला जाईल. त्या तपासणाऱ्या कामात ही काळजी घेतलेली होती: चूक दिसताच नोंदी थांबवायच्या आणि वही बाहेर काढायची. मंगळावरून एवढी मोठी वही पाठवणे शक्य नव्हते. म्हणून कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेत, पृथ्वीवरच्या तशाच संगणकावर, यानाची तीच कामे पुन्हापुन्हा चालवली गेली. अठरा तासांच्या आत अडचण पुन्हा उद्‌भवली. वहीतल्या नोंदींचा क्रम पाहताच दर्जाची उलटापालट स्पष्ट दिसली.

उपाय आधीच माहीत होता. बटलर लॅम्पसन आणि डेव्हिड रेडेल यांनी १९८० साली या उलटापालटीचे वर्णन केले होते. १९९० साली कार्नेगी मेलन विद्यापीठातले लुई शा, रागुनाथन राजकुमार आणि जॉन लेहॉत्स्की यांनी त्यावर वारसा देण्याची रीत सविस्तर मांडली होती. शिपाईमामांकडची किल्ली मुख्याध्यापकांना हवी असेल तर ती मोकळी होईपर्यंत मामांचा दर्जा मुख्याध्यापकांइतकाच मानायचा, म्हणजे मध्येच कोणी त्यांना पिटाळू शकणार नाही. व्हीएक्सवर्क्समध्ये ही सोय होती. पण त्या विशिष्ट कुलपासाठी ती बंद होती. पृथ्वीवरून एक छोटासा बदल पाठवून ती चालू करण्यात आली आणि संगणकाचे ते आपोआप सुरू होणे थांबले.

पहाऱ्याचा खर्च

मग सगळ्याच संगणकांत सदासर्वदा रोजनिशी का लिहू नये? कारण लिहिण्यालाही वेळ लागतो. एका नोंदीला एक मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग, लागतो असे धरले, तर सेकंदाला एक लाख नोंदींपायी प्रोसेसरचा दहावा हिस्सा खर्च होईल. याहून वाईट म्हणजे या विलंबाने घटनांचा क्रमच बदलू शकतो. एकाच वेळी अनेक कामे करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये निरीक्षणाच्या विलंबाने चुका उमटतात किंवा नाहीशा होतात, असे जेसन गेट यांनी १९८६ साली दाखवले. नोंदी चालू केल्या की दोष लपतो, बंद केल्या की पुन्हा प्रकटतो. निरीक्षकाला पाहून वर्ग शांत व्हावा, तसेच हे!

त्यामुळे पुढच्या काळातला सारा प्रयत्न पहारा स्वस्त करण्याचा होता. फेब्रुवारी २००० मध्ये बाजारात आलेल्या ‘विंडोज २०००’मध्ये मायक्रोसॉफ्टने घटना-नोंदींची एक सर्वसामाईक व्यवस्था दिली. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा आणि इतर प्रोग्रॅम एकाच व्यवस्थेतून नोंदी करू शकत. प्रत्येक प्रोसेसरची वही वेगळी आणि भरलेल्या वह्या डिस्कवर नेण्याचे काम वेगळे, अशी तिची रचना होती. लिनक्ससाठी त्याच सुमारास माँट्रियलमध्ये करीम यागमूर यांनी ‘लिनक्स ट्रेस टूलकिट’ हे साधन तयार केले.

मोठी झेप घेतली ती सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीतल्या ब्रायन कँट्रिल, माइक शपायरो आणि ॲडम लेव्हेंथाल या तिघांनी. त्यांचे ‘डीट्रेस’ हे साधन २००४ साली शोधनिबंधातून मांडले गेले आणि २००५ साली ‘सोलारिस १०’बरोबर सर्वांच्या हाती आले. हजारो ठिकाणी नोंद करण्याची तयारी त्यात असे. पण मागणी केल्याशिवाय त्या ठिकाणी नोंदीची आज्ञाच नसे, म्हणून बंद असताना तिचा भार शून्य. मागणी केली की चालत्या प्रोग्रॅममध्येच आज्ञा बदलून नोंद सुरू होई. शिवाय सगळ्या नोंदी बाहेर काढून मग बेरीज करण्याऐवजी बेरीज जागच्या जागीच होई. त्यांनी निबंधात दिलेले एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. त्यांच्याच कंपनीतला दहा प्रोसेसरांचा, सुमारे १७० माणसे वापरत असलेला एक मोठा संगणक मंदावत चालला होता. वरवरचे आकडे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे बोट दाखवत होते. एकामागून एक प्रश्न विचारत धागा पुढे नेला तेव्हा तो जाऊन पोचला एका चिमुकल्या प्रोग्रॅमपाशी. काहींच्या पडद्यावर शेअर बाजाराचे भाव सरकवत दाखवणे, एवढेच त्याचे काम! खालच्या थरातला गाभा वरच्या थराने सांगितलेली कामेच निमूटपणे करीत होता.

चालत्या गाभ्यात हवी तेथे आज्ञा घालून नोंद घेण्याची सोय लिनक्समध्ये २००४ साली ‘केप्रोब्ज’ या नावाने आली. तिच्या उभारणीत आयबीएम कंपनीच्या भारतातल्या अभियंत्यांचा मोठा वाटा आहे. २००८ साली ‘एफट्रेस’ आले. २०१४ पासून ‘ईबीपीएफ’ या सोयीमुळे नोंदींची छाननी करणारे छोटे प्रोग्रॅम, ते निर्धोक आहेत अशी आधी तपासणी करून, लिनक्सच्या गाभ्यातच चालवता येऊ लागले. रोजनिशी चित्ररूपाने मांडण्यातही प्रगती झाली. ब्रेंडन ग्रेग यांनी २०११ साली काढलेल्या ‘ज्वाला-आलेखा’त प्रोग्रॅमचे भाग एकमेकांवर रचलेल्या पट्ट्यांनी दाखवतात. जितकी पट्टी रुंद तितका वेळ जास्त. पण हा आलेख बहुधा टिपेट यांच्या रीतीने टाकलेल्या नजरांवरून काढतात. त्यात डावीकडून उजवीकडे काळ सरकत नाही, हे विसरून चालत नाही. म्हणजे नजर आणि नोंद या दोन्ही रीती आजही शेजारी शेजारी नांदत आहेत. ‘किती’ विचारायचे असेल तर नजर पुरते. ‘का’ विचारायचे असेल तर नोंद लागते.

वर्गात करून पाहण्याजोगे

हे सारे समजून घ्यायला संगणक असलाच पाहिजे असे नाही. एक तास निवडावा. दोन विद्यार्थ्यांनी दर मिनिटाला घड्याळाकडे पाहून त्या क्षणी वर्गात काय चालले आहे ते टिपावे: शिक्षक बोलत आहेत, मुले लिहीत आहेत, कोणी प्रश्न विचारतो आहे किंवा सगळे कशाची तरी वाट पाहत आहेत. दुसऱ्या दोघांनी जेव्हा जेव्हा बदल होईल तेव्हा तेव्हा वेळेसह नोंद करावी. तास संपल्यावर दोन्हींवरून वेळेचे कोष्टक काढावे. मिनिटाला एक नजर टाकणाऱ्यांना कोणत्या लहान घटना दिसल्याच नाहीत? सतत नोंद करणाऱ्यांना तासातला विषय कितपत कळला? दोन नोंदकांच्या वह्या एकत्र गुंफताना त्यांची घड्याळे जुळली का? आणि कोणाच्या वहीतली एखादी ओळ मुद्दाम झाकली तर हिशेब चुकतो की चुकूनही बरोबरच दिसतो?

शेवटच्या प्रश्नावर वर्गात चांगली चर्चा होईल, अशी आमची खात्री आहे. नोंद नसली की माणूस अंदाज करतो, हे आपण पाहिले. पण नोंद असली तरी तिच्यातल्या गळतीची दखल घेतलेली नसेल, तर अंदाजच आकड्यांचा पोशाख घालून पुढे येतो. प्रयोगवहीत ‘हे वाचन घ्यायचे राहिले’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण आपण कापतो की वाढवतो, याचाही विचार त्यानिमित्ताने व्हावा.